परंगीमलैच्या पायथ्याशी ४९ आठवडे

चेन्नई मेट्रोच्या निळ्या मार्गावर विमानतळाकडे जाताना आलंदूरनंतर ‘ओटीए-नंगनल्लूर रोड’ हे स्टेशन येतं. उतरणारे बहुतेक लोक नंगनल्लूरला घरी किंवा देवळात चाललेले असतात. पाटीवरच्या पहिल्या तीन अक्षरांकडे कुणी फारसं बघत नाही. ओटीए म्हणजे भारतीय लष्कराची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी. सेंट थॉमस माउंट नावाची जी टेकडी आहे, तमिळ लोकांची परंगीमलै, तिच्या परिसरातल्या छावणीत ती आहे. पदवी घेतलेल्या मुलामुलींना इथे ४९ आठवड्यांत लेफ्टनंट करून पाठवलं जातं.

नेतृत्व शिकवणाऱ्यांचं पीक सध्या उदंड आहे. दोन दिवसांची कार्यशाळा, हॉटेलातलं जेवण, शेवटी प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. त्यात काही वाईट नाही. फक्त तिथे शिकलेलं खरं की खोटं, याचा निकाल कधीच लागत नाही. लष्कराला ही चैन परवडत नाही. अकॅडमीतून बाहेर पडलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराच्या हाती थोड्याच दिवसांत तीसेक जवान येतात. त्यांच्यातल्या सुभेदाराची नोकरी जवळजवळ या साहेबाच्या वयाएवढी झालेली असते. त्यामुळे माणूस निवडायचा कसा आणि घडवायचा कसा, यावर लष्कराने गांभीर्याने डोकं चालवलं आहे. ती पद्धत इथे जरा सावकाश बघू.

या छावणीचं नाव २०१७ ते २०२० या काळात मराठी वर्तमानपत्रांत आलं ते तीन बायकांमुळे. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक शिक्षिका होत्या, पदरी दोन मुलं. ९ सप्टेंबर २०१७ ला त्या इथून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. मेजर प्रसाद महाडिक यांच्या पत्नी गौरी महाडिक वकील आणि कंपनी सेक्रेटरी होत्या. त्यांच्या खांद्यावर तारे लागले ते मार्च २०२० मध्ये. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे २०१८ च्या ऑगस्टमध्ये गुरेझमध्ये शहीद झाले, आणि त्यांच्या पत्नी कनिका राणे २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अधिकारी झाल्या. बातम्यांमध्ये संचलनाचे फोटो आले, डोळे पुसणारे नातेवाईक आले. मधल्या ४९ आठवड्यांत काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. त्याआधीच्या पाच दिवसांबद्दल तर मुळीच नाही, आणि खरी मेख त्या पाच दिवसांतच आहे.

संस्थेचा इतिहास थोडक्यात. १९६२ च्या चीन युद्धानंतर अधिकाऱ्यांची मोठी चणचण भासली. घाईघाईने अधिकारी तयार करण्यासाठी पुणे आणि मद्रास इथे ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल निघाली. मद्रासचं १९६३ च्या जानेवारीत सुरू झालं. पुढे ती तातडीची भरती थांबली, पण मद्रासची शाळा ‘शॉर्ट सर्व्हिस’ म्हणजे मर्यादित वर्षांच्या नोकरीवर येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी चालू राहिली. १९८८ पासून तिला अकॅडमी म्हणू लागले. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये मुलींची पहिली तुकडी इथे दाखल झाली.

आता ते पाच दिवस. एसएसबी, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड. भोपाळ, बेंगळुरू, प्रयागराज अशा ठिकाणी ही मंडळं आहेत. शहिदांच्या पत्नींना लेखी परीक्षा माफ आहे, एसएसबी माफ नाही. ती सगळ्यांसारखीच द्यावी लागते. स्वाती महाडिक यांच्यासाठी वयाची अट शिथिल केली गेली, तेव्हा मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री होते. सवलत मिळाली ती एवढीच.

या पद्धतीचा उगम दुसऱ्या महायुद्धातला. ब्रिटिश लष्कराची निवड तोवर मुलाखतीवर चाले. चांगल्या शाळेत शिकलेला, नीट बोलणारा, रुबाबदार तरुण निवडला जाई. मग असं दिसलं की मुलाखतीत चमकलेले बरेच जण प्रशिक्षणातून नापास होऊन परत येतात. तेव्हा मनोविकारतज्ज्ञांना आणि मानसशास्त्रज्ञांना बोलावलं गेलं. मनोविकारतज्ज्ञ विल्फ्रेड बिअन हा त्यांतला एक. त्याची युक्ती साधी होती: आठ-दहा उमेदवारांना एक काम द्यायचं आणि नेता नेमायचाच नाही. मग बाजूला उभं राहून बघत बसायचं. भारतात अशा मंडळाचा पहिला प्रयोग १९४३ मध्ये देहरादूनला झाला. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडच्या मानसशास्त्रज्ञांनी त्यात भर घातली, आणि तत्त्व ठरलं मनसा, वाचा, कर्मणा. माणूस विचार काय करतो हे मानसशास्त्रज्ञ तपासतो, बोलतो काय हे मुलाखत घेणारा अधिकारी, आणि करतो काय हे मैदानावरचा अधिकारी, ज्याला सगळे जीटीओ म्हणतात. शेवटच्या दिवसापर्यंत तिघे आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात.

गेल्या गेल्या उमेदवाराचं नाव जातं आणि छातीवर नंबर येतो. पहिल्याच दिवशी चाळणी लागते. बुद्धिमत्तेची चाचणी होते. मग पडद्यावर एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात आणि त्यावर ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. पुढे गटाने मिळून एकच गोष्ट ठरवायची. इथे बाजार भरतो. कोचिंग क्लासमधून ‘पहिलं बोल, मोठ्याने बोल’ असं शिकून आलेले सगळे एकदम सुरू होतात. बरेच जण त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत बसलेले असतात.

दुसरा दिवस कागदाचा. साठ शब्द, प्रत्येकी १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. साठ प्रसंग, ३० मिनिटं: परीक्षेला निघालात, वाटेत अपघात दिसला, काय कराल? वेळ मुद्दाम एवढा कमी ठेवलेला असतो. पहिली दहा-पंधरा उत्तरं माणूस सजवून लिहितो. चाळिसाव्या उत्तरापर्यंत सजवायला उसंत उरत नाही आणि मूळ स्वभाव कागदावर उतरतो.

मैदानावरच्या कामांतलं एक जवळून पाहण्यासारखं आहे. जमिनीवर सुरुवातीची आणि शेवटची रेघ. मधे लाकडी खांब, कठडे, टेबलासारख्या चौकटी. मधल्या जमिनीला कुणाचा पाय किंवा सामानही लागता कामा नये. पांढऱ्या रंगाला हात-पाय टेकवता येतात, लाल रंगाला कशाचाच स्पर्श चालत नाही. हाताशी एक फळी, एक बल्ली म्हणजे लाकडी वासा, एक दोर आणि पलीकडे पोचवायचं एक ओझं. चार फुटांपेक्षा जास्त अंतर असेल तर उडी मारायची नाही, पूल करूनच जायचं. असे एकामागून एक चार अडथळे, प्रत्येक आधीच्यापेक्षा अवघड.

सुरुवातीला सगळे फळीवर तुटून पडतात. एकजण ती पुढे सरकवतो, दुसरा ओरडतो, तिसरा ‘मी सांगतो तसं करा’ म्हणतो. पाचव्या मिनिटाला फळी लाल पट्टीला लागते आणि जीटीओ शांतपणे ‘मागे’ म्हणतो. अशा वेळी एखादी मुलगी, जी अजून फारसं बोललेली नाही, बल्लीच्या मागच्या टोकावर जाऊन बसते, म्हणजे पुढचं टोक वजन पेलू शकेल. मग ती म्हणते, ‘सात नंबर, तू हलका आहेस, तू आधी जा.’ तो जातो. पुढच्या अडथळ्याशी पोचल्यावर तीन जण आपसूक तिच्याकडे बघतात. जीटीओच्या पेन्सिलीला हेच टिपायचं असतं. तिला कुणी नेमलेलं नाही, खांद्यावर पट्टी नाही, तरीही गट तिच्याकडे वळला. तिने स्वतः आधी मागच्या टोकाचं कंटाळवाणं काम उचललं, हे मला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं.

नंतर ‘कमांड टास्क’ असतो. त्यात मात्र तुम्हाला कमांडर नेमतात आणि गटातले दोन साथीदार निवडायला सांगतात. तुम्ही कुणाला बोलावता यातून तुमची पारख कळते. पण तुम्हाला इतर किती जणांनी बोलावलं, हेही दिसत असतं. तीन दिवस एकत्र घाम गाळल्यावर कुणाबरोबर काम करावंसं वाटतं, हे मुलं बरोबर ओळखतात. कधी काम निम्मं झाल्यावर अधिकारी मधेच सांगतो, तुमचा एक साथीदार जखमी झाला. आता ठरवलेली योजना मोडली. पुढच्या अर्ध्या मिनिटात चेहऱ्यावर जे उमटतं त्याला कोचिंग क्लासचा इलाज नाही.

बोर्ड ज्या गुणांवर माणूस तोलतं ते पंधरा. चार घरांत वाटलेले: विचार आणि नियोजन, लोकांत मिसळणं, लोकांवर प्रभाव, आणि निर्धार-धैर्य-दमछाक सोसणं. बोलण्याची हातोटी हा त्या पंधरांतला फक्त एक. आपल्याकडे बाकीचे चौदा विसरून त्या एकाचे क्लास चालतात. शेवटच्या दिवशी सगळे परीक्षक एकत्र बसतात, प्रत्येक उमेदवार काही मिनिटांसाठी आत जातो, आणि थोड्या वेळाने बाहेर नंबर पुकारले जातात. ज्यांचा नंबर येत नाही त्यांना कारण सांगत नाहीत. ते ऐकायला कठोर वाटतं, आणि आहेही. नाकारलेल्या मुलाला कुठे कमी पडलो हे कळलं असतं तर त्याचं भलंच झालं असतं, असं मला वाटतं.

वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी पार करून चेन्नईला पोचलेली मुलं तिथल्या दमट उन्हात एकदम पडतात. इथल्या कंपन्यांना, म्हणजे प्रशिक्षणार्थींच्या तुकड्यांना, लढायांची नावं आहेत: कोहिमा, जेस्सामी, मेइक्तिला, फिल्लोरा, झोजिला. कवायतीच्या मैदानाला मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं नाव आहे. मुंबईत जन्मलेले, एसआयईएस कॉलेजात शिकलेले, इथूनच १९७२ मध्ये महार रेजिमेंटमध्ये गेलेले. त्यांची गोष्ट पुढे येईल.

पहिली सहामाही माणूस मोडण्याची, असं बाहेरचे म्हणतात. आतले त्याला ‘रगडा’ म्हणतात. पहाटेची पीटी, उस्तादांची कवायत, वर्ग, हत्यारं, पुन्हा खेळ, आणि कुणाची चूक झाली की सगळ्यांनी कोलांट्या. ‘पट्टी परेड’ हा खास प्रकार: पीटीच्या कपड्यांतून गणवेशात, गणवेशातून पुन्हा खेळाच्या कपड्यांत, दर वेळी मोजक्या मिनिटांत रांगेत हजर. वरून हा निव्वळ छळ वाटतो, आणि कधी कधी तो तेवढाच असतोही. पण त्यात एक हिशेब दडलेला असतो. सगळ्यात हळू माणूस जेव्हा पोचेल तेव्हाच तुकडी पोचली असं धरतात. दोन आठवड्यांत हुशार मुलांना कळतं की स्वतःचे बूट चमकवून काही साधत नाही, शेजारच्याची बटणं लावायला मदत केली तरच सुटका. धावण्याच्या स्पर्धांतही कंपनीचे गुण एकट्या पहिल्या आलेल्यावर मिळत नाहीत, मागून येणाऱ्यांचाही हिशेब होतो. म्हणून पुढे पळणारे मागे येऊन दमलेल्याची बंदूक आपल्या खांद्यावर घेतात. कवायतीची ठरलेली परीक्षा पास होईपर्यंत शहरात जायची मुभा नाही. मरीना बीच बघायला जिवाचं रान करावं लागतं.

पस्तिशी ओलांडलेल्या, दोन मुलांची आई असलेल्या स्वाती महाडिक यांनी हे सगळं पंचवीस वर्षांच्या मुलींबरोबर केलं. शारीरिक चाचण्यांचे निकष पुरुष आणि स्त्रियांसाठी वेगळे आहेत, वयासाठी मात्र सूट नसते. नापास झालं तर एक सत्र मागे जावं लागतं.

रगड्याची नक्कल ऑफिसात करणारे साहेब मी पाहिले आहेत. ते आवाज उचलतात, पण उरलेली अर्धी रीत उचलत नाहीत. जवान जेवल्याशिवाय अधिकारी जेवत नाही, आणि आपल्या माणसांची नावं, घरची परिस्थिती, रजेची अडचण त्याला तोंडपाठ असावी लागते. ती अर्धी रीत काढली की उरतो तो नुसता आरडाओरडा.

दुसऱ्या सहामाहीत आधीचे ज्युनिअर सीनिअर होतात आणि काहींना पदं मिळतात. सगळ्यात वरचं पद अकॅडमी अंडर ऑफिसरचं. युद्धाभ्यासात मात्र कमांड फिरती असते. आज तुम्ही प्लाटून कमांडर, उद्या तुमच्याच हाताखालचा मुलगा कमांडर आणि तुम्ही मशिनगन उचलून त्याच्या मागे चिखलात. काल तुम्ही त्याच्याशी कसं वागलात याची आठवण दोघांनाही ताजी असते. नेतृत्वाचा सराव आणि आज्ञापालनाचा सराव इथे एकाच आठवड्यात होतो. खाजगी कंपन्यांतल्या प्रशिक्षणाला हे जमत नाही, कारण तिथे ज्याला बढती मिळते तो पुन्हा खाली येत नाही.

या काळात शिकवलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट मला विचाराल तर मी बंदुकीचं नाव घेणार नाही. हुकूम कसा द्यायचा, ही ती गोष्ट. जमिनीवर वाळू आणि रंगवलेला लाकडाचा भुसा घालून टेकड्या, ओढे, वाटा यांचा नकाशा करतात. त्याभोवती तुकडी बसते. कमांडर ठरलेल्या पाच भागांत बोलतो. पहिला भाग परिस्थिती: शत्रू कुठे, आपले कुठे. दुसरा कामगिरी, एका वाक्यात, आणि ते वाक्य दोनदा म्हणायचं. तिसरा अंमलबजावणी: कोण, कुठून, केव्हा. चौथा रसद: पाणी, दारूगोळा, जखमींना कुठे न्यायचं. पाचवा कमांड आणि संपर्क. मी कुठे असेन, खूण काय, आणि मी पडलो तर माझ्या जागी कोण, तोही पडला तर त्याच्या जागी कोण. मग प्रश्न विचारायची संधी, शेवटी घड्याळं जुळवायची.

कामगिरी दोनदा का? दमलेला माणूस पहिल्यांदा ऐकतो ते अर्धवट ऐकतो, म्हणून. आणि बाकीचं सगळं बिघडलं तरी कशासाठी निघालो होतो एवढं प्रत्येकाला माहीत असेल, तर तो स्वतःच्या अकलेने काहीतरी योग्य करू शकतो. पाचव्या भागाचं महत्त्व आपल्या गणेश मंडळांनी ओळखावं. विसर्जनाच्या मिरवणुकीचा मार्ग, ढोल-पथक, वर्गणी सगळं चोख असतं. अध्यक्ष गर्दीत अडकले आणि फोन लागेना, तर ट्रॅक्टर चौकात थांबवायचा की पुढे काढायचा हे कोण ठरवणार, ते मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

परमेश्वरन यांची गोष्ट या पाचव्या भागाची आहे. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेत शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर घात लावून हल्ला झाला. त्यांनी वळसा घालून मागून हल्लेखोरांना घेरलं. हातघाईत छातीवर गोळी लागली, तरी समोरच्याची बंदूक हिसकावून त्याला टिपलं, आणि शेवटचा श्वास जाईपर्यंत ते आपल्या माणसांना हुकूम देत राहिले. पाच हल्लेखोर मारले गेले. परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

वर्षातून दोनदा, साधारण मार्च आणि सप्टेंबरमध्ये, त्यांच्या नावाच्या मैदानावर संचलन होतं. सर्वांगीण कामगिरीत अव्वल ठरलेल्याला मानाची तलवार, गुणवत्तेनुसार सुवर्ण, रौप्य, कांस्य पदकं. त्यानंतर ‘पिपिंग’: आई-वडील किंवा घरचं कुणी खांद्यावर तारे लावतं. स्वाती महाडिक तिथून सैन्याच्या ऑर्डनन्स कोअरमध्ये, म्हणजे हत्यारं आणि सामग्री पुरवणाऱ्या दलात गेल्या.

शॉर्ट सर्व्हिसची ही नोकरी दहा वर्षांची, वाढवून चौदा. पूर्वी बायकांना बहुतेक विभागांत त्यापुढे वाट बंद होती. १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांनाही कायम नियुक्ती खुली झाली. कायम नियुक्ती न मिळालेले पस्तिशीच्या आसपास बाहेर पडतात आणि कारखाने, बँका, गोदामं, रुग्णालयांच्या व्यवस्थापनात दिसतात. अशा अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांमध्ये सहा महिन्यांचे अभ्यासक्रमही असतात. त्यांना तिथे नवी गोष्ट शिकावी लागते ती हिशेबाची आणि बाजाराची. माणसं हाताळणं येत असतं, फक्त नागरी जगात हुकूम देऊन भागत नाही, हे पचायला वेळ लागतो.

इथे यायच्या वाटा अनेक आहेत. पदवीधरांसाठी यूपीएससीची सीडीएस परीक्षा, एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्यांना लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी, कायद्याच्या पदवीधरांना जज अ‍ॅडव्होकेट जनरल विभाग, इंजिनिअरांना तांत्रिक प्रवेश, आणि शहिदांच्या पत्नींना पस्तीस वर्षांपर्यंत राखीव जागा. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. तिथे एसएसबीची निवासी तयारी मोफत करून घेतात. जाहिरात वर्तमानपत्रात आतल्या पानावर लहानशी येते, म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अधूनमधून चौकशी करत राहिलेलं बरं. एसएसबीला पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेचं भाडं सरकार देतं. तिकीट जपून ठेवायचं.